चूल, धूर आणि न विचारलेला प्रश्न : प्रकल्प नोंदी

९ जून, सोमवार

मॅडमनी शुक्रवारी अहवालाचा मसुदा परत दिला. समासात लाल पेनाने एकच ओळ : 'आणि जे विचारलंच नाही, त्याचं काय?'

आमचा दावा असा, की ज्या घरांत गॅसवर स्वयंपाक होतो तिथल्या लहान मुलांना खोकला कमी होतो. उत्पन्न, आईचं शिक्षण, घरातली माणसं, घर पक्कं की कच्चं, हे सगळं हिशेबात धरलं आहे. शेवटी नेहमीचं वाक्यही आहे, 'न मोजलेल्या घटकांचा परिणाम नाकारता येत नाही.' आज ते पुन्हा वाचलं तेव्हा जुन्या पत्रांखालच्या 'चूकभूल द्यावी घ्यावी'ची आठवण झाली. लिहिणाराही ते मनावर घेत नाही आणि वाचणाराही नाही.

आता ठरलं आहे ते असं. न मोजलेला घटक किती मोठा असला तर आमचा निष्कर्ष कोसळेल, ते आकड्यात सांगायचं. मात्र हे तंत्र थेट स्वतःच्या डेटावर चालवायचं नाही. हवं ते उत्तर मिळेपर्यंत कळा दाबण्याची सवय मला आहे, हे मला माहीत आहे. आधी दुसऱ्यांच्या डेटावर हात साफ करायचा. तीन प्रकरणं निवडली : सिगारेट, दारफूर आणि अमेरिकेतली एक जुनी रोजगार योजना.

१० जून, मंगळवार

सिगारेटपासून सुरुवात, कारण ही सगळी विद्या तिथेच जन्मली.

१९५० मध्ये डॉल आणि हिल यांनी लंडनच्या रुग्णालयांतले आकडे मांडले. १९५४ पर्यंत ब्रिटिश डॉक्टरांच्या पाहणीतूनही तेच दिसू लागलं. (मुंबईचाही या गोष्टीत वाटा आहे. तंबाखू ओढणं-चघळणं आणि अन्नमार्गाच्या वरच्या भागाचा कर्करोग यांच्यावरचा सांघवी, राव आणि खानोलकर यांचा लेख ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १९५५ साली आला.) तरीही १९५७-५८ मध्ये रोनाल्ड फिशर आडवे आले. आम्ही रोज जी संख्याशास्त्राची अवजारं वापरतो, त्यातली निम्मी या माणसाची. त्यांचं म्हणणं असं, की माणसाला सिगारेटकडे ओढणारा आणि कर्करोगही देणारा एखादा जनुकीय गुण असेल, तर सिगारेट बिचारी निर्दोष. पुरावा म्हणून त्यांनी जुळ्यांचे आकडे दिले. एकसारख्या जुळ्यांच्या धूम्रपानाच्या सवयी जास्त जुळतात.

फिशर स्वतः पाइप ओढत आणि तंबाखू उत्पादकांच्या समितीचे सल्लागारही होते. तेवढ्यावरून त्यांना मोडीत काढणं सोपं आहे. पण तर्क म्हणून त्यांच्या बोलण्यात चूक नव्हती. 'असू शकतं' या शब्दांना खोडता येत नाही.

१९५९ मध्ये जेरोम कॉर्नफील्ड आणि पाच सहकाऱ्यांनी ते खोडायचा प्रयत्नच केला नाही. त्यांनी विचारलं, असू शकतं, पण केवढं? सिगारेट ओढणाऱ्यांना धोका नऊपट आहे आणि तो सगळा 'क्ष' नावाच्या कुठल्या तरी संप्रेरकामुळे आहे असं मानू. मग ओढणाऱ्यांमध्ये 'क्ष'वाल्यांचं प्रमाण न ओढणाऱ्यांपेक्षा किमान नऊपट हवं.

वहीत करून पाहिलं. न ओढणाऱ्यांत १० टक्के 'क्ष'वाले असतील तर ओढणाऱ्यांत किमान ९० टक्के हवेत. न ओढणाऱ्यांत २० टक्के असतील तर ओढणाऱ्यांत १८० टक्के. विषय संपला.

गंमत म्हणजे फिशर पूर्ण चुकले नव्हते. २००८ मध्ये १५व्या गुणसूत्रावर निकोटिनच्या ग्राहीशी (पेशीवरच्या, निकोटिन जिथे चिकटतं त्या जागेशी) संबंधित असा जनुकीय फरक सापडला, ज्याचा संबंध सिगारेटच्या व्यसनाशीही आहे आणि फुप्फुसाच्या कर्करोगाशीही. म्हणजे ते भूत खरंच घरात होतं. फक्त त्याची ताकद सुमारे १.३ पट निघाली आणि स्पष्टीकरण द्यायचं होतं नऊपटीचं.

१२ जून, गुरुवार

ई-व्हॅल्यू, म्हणजे निष्कर्ष पूर्ण पुसून टाकायला न मोजलेल्या घटकाचा संबंध दोन्ही बाजूंशी (इथे सिगारेटशी आणि कर्करोगाशी) निदान किती पट हवा, तो आकडा. व्हॅन्डरवील आणि डिंग यांचा २०१७ चा लेख. कृती इतकी सोपी की मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होते : धोक्याचं गुणोत्तर (धोका किती पट, तो आकडा) घ्या, त्यातून एक वजा करून मूळ गुणोत्तराने गुणा, वर्गमूळ काढा, ते मूळ गुणोत्तरात मिळवा. गुणोत्तर एकच्या खाली असेल तर आधी उलटं करून घ्या.

सिगारेटचा त्यांचाच आकडा, १०.७३. ई-व्हॅल्यू येते २०.९. विश्वासमर्यादेचं खालचं टोक ८.०२, त्याची १५.५. जुळलं.

मग कॉर्नफील्डचे नऊ घालून पाहिले तर १७.५ आले आणि अर्धा तास डोकं खाजवलं. एकाच गोष्टीला तो नऊ म्हणतो, हे साडेसतरा म्हणतात? घरी जाताना बसमध्ये उलगडा झाला. कॉर्नफील्ड दोन दुव्यांपैकी ('क्ष' आणि सिगारेट, 'क्ष' आणि कर्करोग) पहिल्याचीच किमान मर्यादा सांगतो आणि दुसरा दुवा कितीही दांडगा असू देतो. 'क्ष'मुळे कर्करोग हजारपट होत असला तरी ओढणाऱ्यांत त्याचं प्रमाण नऊपट हवंच. ई-व्हॅल्यू दोन्ही दुव्यांना सारखीच ताकद देते आणि विचारते, निदान किती? मोकळं सोडलं तर नऊ, दोघांना एका जुवाला जुंपलं तर साडेसतरा. पडताळा : १७.५ चा वर्ग भागिले (१७.५ + १७.५ − १). नऊ आले.

१३ जून, शुक्रवार

आज उत्साह ओसरला. गुणोत्तर १.५ असेल तर ई-व्हॅल्यू २.३७. दोन असेल तर ३.४१. म्हणजे ज्याच्या हातात गुणोत्तर आहे, त्याला ई-व्हॅल्यू नवीन काही सांगत नाही. तेच धान्य दुसऱ्या मापाने मोजलं, एवढंच. योआनिडिस आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये हाच आक्षेप घेतला. लोक आकडा छापतात, 'म्हणजे निष्कर्ष पक्का' असं लिहितात आणि प्रत्यक्षात कोणता घटक राहून गेला असेल याचा विचारच करत नाहीत.

आक्षेप रास्त आहे. ३.४१ मोठा की लहान, हे ३.४१ कडे बघून कळत नाही. शेजारी ओळखीचं काहीतरी ठेवावं लागतं.

१७ जून, मंगळवार

दारफूर. या आठवड्याचा सगळा वेळ इथेच जाणार असं दिसतंय, जाऊ दे.

२००३-०४ मध्ये सुदानच्या सरकारने जंजावीद टोळ्यांना हाताशी धरून दारफूरमधल्या गावांवर हल्ले केले. वरून बॉम्ब, खालून घोडेस्वार. लाखो लोक सीमा ओलांडून पूर्व चाडमधल्या छावण्यांत आले. २००९ मध्ये तिथे पाहणी झाली. चॅड हॅझलेट यांचा प्रश्न असा : ज्याला स्वतःला इजा झाली तो सूडाकडे वळतो, की 'पुरे झालं आता' म्हणत शांततेकडे? डेटा 'आर' या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेतल्या सेन्समेकर पॅकेजबरोबरच मिळतो, १२७६ माणसं. पॅकेजमागचा लेख सिनेली आणि हॅझलेट यांचा, २०२० चा.

युक्तिवादाचा कणा असा आहे. एकाच गावात कुणाला इजा झाली आणि कुणाला नाही, हे बरंचसं नशिबावर होतं, कारण विमानातून टाकलेला बॉम्ब माणूस बघून पडत नाही. म्हणून तुलना गावातल्या गावातच करायची. अपवाद एक. स्त्रिया. लैंगिक अत्याचारासाठी त्यांना हेरून लक्ष्य केलं गेलं. त्यामुळे स्त्री असणं हा घटक मॉडेलमध्ये हवाच.

माझे आकडे लेखाशी जुळेनात. दुपारभर खटपट केली. शेवटी लक्षात आलं की डिग्रीज ऑफ फ्रीडम (माणसांच्या संख्येतून मॉडेलमधले घटक वजा करून उरतात ते) बाराशेच्या वर दिसताहेत आणि ते ७८३ असायला हवेत. गाव हा घटक घालायचाच विसरले होते! ज्या एका गोष्टीवर सगळा युक्तिवाद उभा आहे, नेमकी तीच. मॅडमना सांगितलं नाही, इथे लिहून ठेवते.

१८ जून, बुधवार

गावं घातली, आकडे जुळले. इजा झालेल्यांचा शांततेकडचा कल ०.०९७ ने जास्त (मोजपट्टी शून्य ते एक), प्रमाणित त्रुटी (अंदाज किती मागेपुढे होऊ शकतो त्याचं माप) ०.०२३, टी, म्हणजे अंदाज भागिले त्रुटी, ४.१८. टी साधारण दोनच्या वर असला की खात्री धरतात.

आता मुख्य आकडा, रोबस्टनेस व्हॅल्यू : १३.९ टक्के. स्वतःसाठी मराठीत फोड करून ठेवते, नाहीतर महिन्याने मलाच कळणार नाही. गाव, वय, स्त्री-पुरुष, व्यवसाय वगैरे सगळं धरून झाल्यावरही 'कुणाला इजा झाली' यात काही फरक उरतो आणि 'कुणाला शांतता हवी' यातही उरतो. एखादा न मोजलेला घटक या दोन्ही उरलेल्या फरकांपैकी प्रत्येकी १३.९ टक्के समजावू शकला, तर ०.०९७ चा शून्य होतो. शून्य व्हायची गरज नाही, नुसती सांख्यिकीय खात्री गेली तरी पुरे असेल, तर ७.६ टक्केच लागतात.

पण पुन्हा तोच प्रश्न. १३.९ मोठा की लहान?

इथे त्यांनी जे केलं ते मला फार आवडलं. मोजलेल्यांतला सर्वांत दांडगा घटक घ्या आणि त्यालाच माप बनवा. इथे तो घटक म्हणजे स्त्री असणं. 'स्त्री असण्याएवढा ताकदवान घटक राहून गेला असेल तर?' ०.०९७ चा ०.०७५ होतो. दुप्पट ताकदीचा असेल तर ०.०५३. तिप्पट असेल तर ०.०३०, आणि टी १.६३ वर येऊन खात्री जाते. उत्सुकतेपोटी पुढे गेले. चारपटीला अंदाज जेमतेम शून्याच्या वर राहतो, पाचपटीला चिन्हच उलटतं.

म्हणजे वाद घालणाऱ्याला आता 'काहीतरी असेल' म्हणून उठून जाता येत नाही. त्या गावांत इजेच्या बाबतीत स्त्री-पुरुष भेदापेक्षा तिपटीने जास्त निर्णायक असं काय होतं, ते त्याने नाव घेऊन सांगायचं. घर गावाच्या मध्यावर होतं की कडेला? असू शकतं, मध्यावर बॉम्ब जास्त पडले असतील आणि मध्यावरची माणसंही वेगळ्या विचारांची असतील. पण स्त्री असण्याच्या तिप्पट? त्या माणसाने आता यावर बोलायचं.

२० जून, शुक्रवार

पालख्या पुण्यात. रस्ते बंद, कचेरी अर्धी रिकामी. घरून काम असं म्हटलं, प्रत्यक्षात गच्चीवरून दिंड्या बघितल्या.

एक शंका टिपून ठेवते. स्त्री असणं हे माप दारफूरमध्ये चाललं, कारण तिथे काय घडलं हे माहीत असलेल्या माणसाने ते निवडलं. ते संगणकाने काढून दिलेलं नाही. मी चुलींच्या डेटावर माप म्हणून काय घेणार?

२४ जून, मंगळवार

तिसरं प्रकरण. याचं खरं उत्तर माहीत आहे, म्हणून मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

१९७० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत 'नॅशनल सपोर्टेड वर्क' नावाची योजना होती. तुरुंगातून सुटलेले, व्यसनातून बाहेर पडलेले, शाळा सोडलेले, अशांना काही महिने हमीची नोकरी. कुणाला द्यायची हे चिठ्ठी टाकून ठरवलं, म्हणजे खरा प्रयोग. डेहेजिया आणि वाहबा यांनी १९९९ मध्ये वापरलेल्या पुरुषांच्या गटात १८५ जणांना नोकरी मिळाली, २६० जणांना नाही. १९७८ च्या कमाईतला फरक १७९४ डॉलर, योजनेच्या बाजूने.

रॉबर्ट लालोंड यांनी १९८६ मध्ये खोडी काढली होती. प्रयोगातला तुलनेचा गट बाजूला ठेवा आणि त्याच्या जागी सर्वसाधारण पाहण्यांतली माणसं घ्या, जसं आपण सगळे नाइलाजाने करतो. मग खरं उत्तर सापडतं का?

पीएसआयडी नावाच्या अमेरिकेतल्या कुटुंबांच्या पाहणीतली २४९० माणसं घेतली. नुसती वजाबाकी केली तर योजनेतली माणसं १५,२०५ डॉलरने मागे. म्हणजे हमीची नोकरी दिल्याने माणूस कंगाल होतो! कारण उघड आहे. पाहणीतली माणसं सरासरी ३५ वर्षांची, ८७ टक्के विवाहित, १९७५ ची कमाई सुमारे १९ हजार. योजनेतली २६ वर्षांची, १९ टक्के विवाहित, कमाई दीड हजार.

आता माझा खेळ. समजा वय, लग्न, वंश, मागची कमाई यांतलं काहीच कुणी विचारलं नव्हतं. हे सगळे 'न मोजलेले घटक'. माझ्याकडे फक्त ती वजाबाकी आहे, त्रुटी ११५४, टी १३ च्या वर. रोबस्टनेस व्हॅल्यू किती?

२२.४ टक्के.

दोनदा तपासलं. प्रयोगातल्या खऱ्या उत्तराची काढली (१७९४, त्रुटी ६३३) तर १२.६ टक्के. म्हणजे धडधडीत खोटं उत्तर खऱ्यापेक्षा, आणि दारफूरपेक्षाही, जास्त 'मजबूत'.

२५ जून, बुधवार

रात्री झोप नीट लागली नाही. सकाळी मॅडमसमोर वही ठेवली. त्या हसल्या. म्हणाल्या, "अगं, मजबूत म्हणजे खरं असं तुला कुणी सांगितलं? बावीस टक्क्यांचा दरवाजा आहे. त्यातून आत येईल एवढा कुणी बाहेर उभा आहे का, हे दरवाज्याला कसं कळणार?"

मग बाहेर कोण उभं आहे ते मोजलं. लग्न हा एकटाच घटक, कोण योजनेत आणि कोण पाहणीत या फरकातला जवळजवळ २० टक्के भाग समजावतो. मागच्या वर्षांची कमाई आणखी १० टक्क्यांच्या आसपास, आणि तिचा पुढच्या कमाईशी संबंध किती दाट असतो हे सांगायला नको. आख्खी वरात उभी होती. हे सगळे घटक मॉडेलमध्ये घेतले की पंधरा हजारांची तूट नाहीशी होऊन काहीशे डॉलरची वाढ दिसू लागते, तीही त्रुटीच्या आतच.

आणखी एक खोच. सीपीएस या अमेरिकेतल्याच दुसऱ्या पाहणीतली १५,९९२ माणसं घेतली तर वजाबाकी −८४९८, चिन्ह तेवढंच चुकीचं, पण रोबस्टनेस व्हॅल्यू फक्त ९ टक्के. कारण सोळा हजारांच्या गर्दीत १८५ माणसं म्हणजे चिमूटभर मीठ, एकूण फरकात त्यांचा वाटा दिसणार तरी किती. तेव्हा दोन वेगळ्या डेटांच्या रोबस्टनेस व्हॅल्यू शेजारी ठेवून 'यांची जास्त, त्यांची कमी' असं म्हणायचं नाही. काल दारफूरशी केलेली तुलनाही या हिशेबाने चुकीचीच. खोडत नाही, राहू दे.

३० जून, सोमवार

घरी परत, म्हणजे चुलींकडे. आमच्या डेटावर अजून काहीही चालवलेलं नाही आणि आता घाईही वाटत नाही.

माप कशाचं घ्यायचं? मी आईचं शिक्षण लिहून नेलं होतं. मॅडमनी कागद परत सरकवला. "हे तुझं मत. ज्यांनी दारोदार जाऊन फॉर्म भरले त्यांना विचार."

म्हणून पाहणी करणाऱ्या ताईंना फोन केला. तासभर बोलल्या, त्यातलं निम्मं आमच्या प्रश्नावलीबद्दलच्या तक्रारी. महत्त्वाचं टिपते.

"ताई, गॅस आहे का विचारलं तर आहेच म्हणतात. उज्ज्वलाचा आहे ना. पण भाकरी चुलीवरच, आणि आंघोळीचं पाणीपण. सिलेंडर संपला की पुढचा येईस्तोवर चूलच."

हे ऐकून पोटात गोळा आला. हा न मोजलेला घटक नाहीच, इथे मोजलेलाच घटक चुकीचा मोजला आहे. गॅसचं घर आणि चुलीचं घर असे दोन कप्पे आम्ही केले आणि निम्मी घरं दोन्ही कप्प्यांत आहेत. रोबस्टनेस व्हॅल्यू काय किंवा ई-व्हॅल्यू काय, या दुखण्यावर त्यांचं औषध नाही. तीन आठवडे मी बाहेर कोण उभं आहे ते शोधत होते आणि चौकटच वाकडी होती.

दुसरं : "चूल घरात आहे का पडवीत, त्यावर सगळं आहे. पडवीत असली तर धूर जातो की निघून." हा मात्र खरा न मोजलेला घटक. पडवी असणारं घर जरा बऱ्या परिस्थितीतलं, तिथे गॅसही आधी आलेला आणि मुलांना धूरही कमी. आम्ही पक्कं-कच्चं विचारलं, पडवी विचारली नाही.

आईच्या शिक्षणाबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "शिकलेली आई खोकला जास्त सांगते हो. बाकीच्या म्हणतात, पोरांना काय, होतोच खोकला." म्हणजे माझं लाडकं मापच दोन्ही बाजूंनी गळकं.

२ जुलै, बुधवार

मॅडमशी बसून ठरलं. 'नाकारता येत नाही' हे वाक्य अहवालातून काढलं. त्या जागी तूर्त मोकळी ओळ आहे. माप पडवीचं घ्यायचं, म्हणजे आधी पडवी मोजायची. उपनमुन्यातल्या घरांना पुन्हा भेटी. आकडे त्यानंतर चालवायचे, आणि कोणता घटक माप म्हणून वापरणार हे आजच्या तारखेने कागदावर लिहून मॅडमच्या कपाटात ठेवलं आहे, म्हणजे निकाल बघून मला ते बदलता येणार नाही.

प्रश्नावलीत चार ओळी वाढवल्या : भाकरी कशावर, आंघोळीचं पाणी कशावर, मागचा सिलेंडर किती दिवस पुरला, चूल आत की पडवीत. ताईंना वाचून दाखवल्या. त्यांनी पाचवी घालायला लावली, घरात बिडी कोण ओढतं?

"पण ते बाप्यांना विचारू नका," म्हणाल्या. "बायकांना विचारा, त्यापण विहिरीवर."

शनिवारी सकाळची एसटी.